अमळनेरात बसून ग्लासगो लिहिताना : कादंबरीच्या तयारीच्या नोंदी

१ जून २०२५

कादंबरीची नायिका हर्षा ही पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून पदव्युत्तर शिक्षणासाठी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जाते आणि शिकता शिकता तिथल्या एका छोट्या किराणा दुकानात अर्धवेळ काम करते. मी ग्लासगोला गेलेले नाही आणि पुस्तक पूर्ण होण्याआधी जाणे परवडणारेही नाही. खान्देशातून परदेशी गेलेल्या मुलामुलींची संख्या वाढत असताना त्यांच्याविषयीचे लेखन मात्र विमानतळ, बर्फ आणि एकटेपणा यांच्यापुढे फारसे सरकत नाही, असे मला वाटते. त्यामुळे घरी बसून करता येण्याजोगी तयारी नेटाने करायची आणि जे जमले, जे फसले ते इथे लिहून ठेवायचे, असे ठरवले आहे. असेच काम हाती घेणाऱ्यांना त्यातले काही उपयोगी पडेल.

आजचा पहिला निर्णय कथेच्या काळाचा आहे. गोष्ट सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू होईल आणि जानेवारी २०२४ मध्ये संपेल. ‘अलीकडचा काळ’ एवढ्यावर काम भागत नाही, कारण मजुरीचा दर, व्हिसाचे नियम, सणांच्या तारखा आणि वार या सगळ्या गोष्टी वर्षाला बांधलेल्या असतात. वर्ष पक्के केल्याशिवाय कुठलीही माहिती तपासता येत नाही.

९ जून

उच्चारांपासून सुरुवात केली. ग्लासगोची इंग्रजी कानावर पडावी म्हणून आधी दूरचित्रवाणीच्या मालिका पाहिल्या, पण त्यात वेळ वाया गेला. बाहेरच्या प्रेक्षकांना कळावे म्हणून नट आपली बोली सौम्य करतात आणि संवाद मुळात लिहिलेले असल्यामुळे अडखळणे, वाक्य अर्धवट सोडणे, दुसऱ्याचे बोलणे तोडणे यांपैकी काहीच त्यांत सापडत नाही.

त्यानंतर अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या स्पीच अ‍ॅक्सेंट आर्काइव्हकडे वळले. १९९९ साली सुरू झालेल्या या संग्रहात जगभरातल्या लोकांनी एकच ६९ शब्दांचा इंग्रजी परिच्छेद वाचलेला आहे. सगळ्यांचा मजकूर एकच असल्यामुळे एडिंबरोचा माणूस आणि ग्लासगोचा माणूस यांच्यातला फरक लगेच कानाला कळतो. यासाठी पैसे पडत नाहीत. मात्र वाचताना माणूस सावध होतो, शाळेत शिकवलेला उच्चार करू पाहतो, आणि रस्त्यावरच्या बोलण्यात गिळला जाणारा ‘ट’ वाचताना पुष्कळदा स्पष्ट उमटतो. या एकाच संग्रहावर विसंबून लिहिलेले संवाद म्हणूनच फार नीटनेटके होतात.

खरा उपयोग झाला तो ग्लासगो विद्यापीठाने तयार केलेल्या स्कॉट्स भाषासंग्रहाचा. त्यात प्रत्यक्ष गप्पांची ध्वनिमुद्रणे आहेत आणि त्यांखाली लेखी संहिताही दिलेली आहे. पहिल्या खेपेला संहिता झाकून ऐकायचे, काय कळले ते मराठीत लिहायचे, मग संहिता उघडून ताडून पाहायचे, असा क्रम ठेवला. न कळलेल्या जागा मी वहीत वेगळ्या रंगाने लिहीत आहे, कारण हर्षालाही नेमके तिथेच कळणार नाही. चौदाशे रुपयांचा कानाला बसणारा हेडफोन घेतला. मोबाइलच्या स्पीकरवर हे काम होत नाही.

२२ जून

हर्षाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक वृद्ध बाई राहते. ती अस्सल ग्लासगोची आहे. तिचे बोलणे मराठी कादंबरीत लिहायचे कसे, हा या प्रकल्पातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. प्रमाण इंग्रजीच्या मानाने तिची बोली वेगळी, म्हणून प्रमाण मराठीच्या मानाने वेगळी असलेली अहिराणी तिच्या तोंडी घालावी, असा विचार करून एक प्रकरण लिहिले. तिची वाक्ये ‘तू काय करी ऱ्हायनी’, ‘माले ठाऊक शे’ अशी झाली.

इथल्या वाचनमंडळात ते प्रकरण वाचून दाखवल्यावर सगळ्यांना म्हातारी आवडली, पण एकालाही ती स्कॉटलंडची वाटली नाही. एका निवृत्त शिक्षकांनी सांगितले की, ती बोलू लागताच त्यांच्या डोळ्यांपुढे साक्रीचा आठवडे बाजार उभा राहिला. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. बोली आपल्याबरोबर आपली माती, नाती, शेती आणि जेवणखाण घेऊन येते. तिला परक्या माणसाच्या तोंडी बसवले की तो माणूस आपल्या गावचा होतो आणि त्याचे गाव पुसले जाते. शिवाय या कादंबरीत हर्षाची आई फोनवर खरीखुरी अहिराणी बोलते. म्हातारीही तेच बोलू लागली, तर आईच्या बोलण्यातली जवळीक वाचकाला जाणवणारच कशी? ते प्रकरण बाजूला ठेवले. त्याला लागलेले दिवस गेले, पण अहिराणी केवळ आईसाठी राखून ठेवायची हा निर्णय त्यातूनच झाला.

६ जुलै

दुसरा मार्ग म्हणजे तिचे इंग्रजी जसे ऐकू येते तसे देवनागरीत उतरवणे. ‘हाउस’चे ‘हूस’, ‘डाउन’चे ‘दून’, ‘वॉटर’मधला ‘ट’ घशात अडवलेला. तीन पाने लिहून झाल्यावर एका विद्यार्थिनीला वाचायला दिली. ती प्रत्येक ओळीला थांबून मोठ्याने उच्चारून पाहत होती आणि पानाच्या शेवटी तिला म्हातारी काय म्हणाली हे सांगता येईना. गंमतीसाठी एखादी ओळ चालेल, पण ज्या प्रसंगात म्हातारी आपल्या मुलाच्या मृत्यूविषयी बोलते तिथे अशा अक्षरांनी तिचे दुःख हास्यास्पद झाले असते, आणि तसे होऊ देणे मला मान्य नाही.

आता जी पद्धत ठरली आहे ती अशी: परका उच्चार बोलणाऱ्याच्या तोंडातून न लिहिता ऐकणाऱ्याच्या कानातून लिहायचा. म्हातारीची वाक्ये साध्या, आखूड, ठसठशीत मराठीत येतील. उच्चाराचा अनुभव मात्र हर्षाला काय कळले, काय निसटले आणि तिने चुकीचा अर्थ लावून काय केले, यातून वाचकापर्यंत जाईल.

त्यासाठी तिला नेमके काय कळेल हे शोधावे लागले. पहिल्या खर्ड्यात तिला काहीच कळत नव्हते. ते खरे नाही. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात स्वरानंतरचा ‘र’ लोपतो, पण स्कॉटिश इंग्रजीत तो स्पष्ट उच्चारला जातो. आपणही ‘कार’, ‘फार्म’ म्हणताना ‘र’ पूर्ण म्हणतो. म्हणजे अमळनेरच्या महाविद्यालयातून इंग्रजी शिकलेल्या मुलीला हा ‘र’ ओळखीचाच वाटेल. स्कॉटिश लोक तळ्याला ‘लॉख’ म्हणतात, त्यातला शेवटचा घर्षणयुक्त आवाजही लंडनच्या माणसापेक्षा उर्दू-हिंदी कानावर पडलेल्या आपल्या माणसाला लवकर साधतो. ती अडेल ती गिळलेल्या ‘ट’पाशी, सरकलेल्या स्वरांपाशी आणि सगळ्यांत जास्त वाक्याच्या शेवटच्या चढापाशी.

या चढाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. ग्लासगोत साधे विधान करतानाही पुष्कळदा वाक्याच्या शेवटी आवाज वर जातो. बाहेरच्या माणसाला तो प्रश्न वाटतो. ध्वनिमुद्रणे ऐकताना मी स्वतः कितीतरी विधानांपुढे प्रश्नचिन्हे लिहून ठेवली होती. त्यावरून एक प्रसंग तयार झाला. म्हातारी जिन्यात भेटते आणि सांगते, ‘शेवटची बस गेली.’ हर्षाला ऐकू येते, ‘शेवटची बस गेली?’ ती नम्रपणे म्हणते, ‘मला माहीत नाही, आजी.’ म्हातारी पुन्हा तेच सांगते, हर्षा पुन्हा तेच उत्तर देते, आणि म्हातारीला वाटते की या मुलीला आपण बोललेले आवडत नाही. दोघींमधला पहिला दुरावा इतक्या लहान गोष्टीतून येतो. यात एकही अक्षर मोडून लिहावे लागले नाही आणि वाचनमंडळात हा प्रसंग वाचल्यावर कोणालाही साक्रीची आठवण झाली नाही.

१९ जुलै

उच्चारांचे काम बाजूला ठेवून घड्याळ आणि पंचांग घेऊन बसले. वर्ष पक्के केल्याचा लाभ इथे झाला.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात. २०२३ साली तो रविवार २९ ऑक्टोबरला होता. त्याआधी भारत त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे असतो, त्यानंतर साडेपाच तास. हर्षाची आई रोज जेवणे आटोपल्यावर रात्री नऊला फोन करते. ऑक्टोबरभर तो तिथे दुपारी साडेचारला लागतो, वर्ग सुटलेला असतो. २९ तारखेनंतर तोच फोन साडेतीनला येतो, वर्ग चालू असतो, आणि आईला वाटते की मुलगी फोन उचलायचे टाळते. ‘तुनं घड्याळ कसं काय बदलनं’ हा आईचा प्रश्न मला रचावा लागला नाही. तो वेळेच्या हिशेबातूनच आला.

लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, रविवारी होते. जुन्या खर्ड्यात आई संध्याकाळी पूजेच्या वेळी व्हिडिओ कॉल करते आणि हर्षा खिडकीबाहेरच्या अंधाराकडे पाहत आरती ऐकते. इथे सहा वाजता सूर्य नुकताच मावळलेला असतो, पण तेव्हा ग्लासगोत दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. तिथला अंधार सव्वाचारच्या सुमाराला पडतो, तोवर इकडे पावणेदहा होतात आणि फटाकेही ओसरलेले असतात. सगळा प्रसंग उजेडात आणावा लागला, आणि मला वाटते की तो अधिक चांगला झाला: खोलीत लख्ख दुपार, फोनवर पणत्या.

त्याच रात्री आठला तिला मैत्रिणीकडून भुयारी रेल्वेने घरी आणले होते. ग्लासगोची भुयारी रेल्वे १८९६ पासून चालते, वर्तुळाकार आहे, १५ स्थानके आहेत, हे सगळे पाठ होते. पण ती रविवारी सकाळी दहाला सुरू होऊन संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होते हे पाहिले नव्हते. तिला बसने आणले. असे लिखाण करणाऱ्यांनी स्थळाचा इतिहास वाचण्याआधी वेळापत्रक वाचावे.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. बर्फाची पाने मात्र काढून टाकली. ग्लासगोत हिवाळाभर बर्फ साचून राहत नाही. पाऊस बारीक असतो, वारा असतो आणि ओल असते. आपल्याकडे चार महिन्यांत येऊन जाणारा पाऊस तिथे वर्षभर रेंगाळतो. म्हणून हर्षाला थंडीपेक्षा न वाळणारे कपडे अधिक त्रास देतात.

६ ऑगस्ट

कानबाईचे रोट, म्हणजे आमच्या खान्देशातला श्रावणातला सण, आटोपल्यानंतर नात्यातल्या एका ताईंशी फोनवर बोलणे झाले. त्या काही वर्षे ग्लासगोत राहिल्या आहेत. त्यांचे नाव आणि त्यांचा खासगी अनुभव पुस्तकात येणार नाही, असे बोलण्यापूर्वीच सांगितले. माहिती देणाऱ्यांशी हे आधी ठरवणे आवश्यक आहे. नंतर सांगितले तर नाती बिघडतात.

पहिल्या बोलण्यात ‘तिथले जीवन कसे असते’ असे विचारले. उत्तर आले की लोक चांगले आहेत, शिस्त आहे, आपली माणसे आठवतात. ताई सगळे मनापासून सांगत होत्या, पण यातले काहीच लिहिण्याच्या उपयोगाचे नव्हते. दुसऱ्या वेळी प्रश्न बदलला: ‘ताई, सकाळी डोळे उघडल्यापासून दाराला कुलूप लावेपर्यंत हात कशाकशाला लागतो ते क्रमाने सांगा.’ मग मात्र त्या अर्धा तास थांबल्याच नाहीत. न्हाणीघरातल्या दिव्याचे बटण भिंतीवर नसते, छतापासून दोरी लोंबत असते, ती ओढायची. न्हाणीघरात साधा प्लग नसतो, म्हणून केस वाळवायचे यंत्र खोलीत लावायचे. जुन्या बेसिनला गरम आणि गार पाण्याचे नळ वेगवेगळे, त्यामुळे कोमट पाणी हवे तर बेसिन भरून घ्यायचे. कपडे धुण्याचे यंत्र स्वयंपाकघरात. जुन्या दगडी इमारतींच्या स्वयंपाकघरात छताला लाकडी दांड्यांची चौकट टांगलेली, ती दोरीने खाली घ्यायची, ओले कपडे टाकायचे आणि पुन्हा वर ओढायची.

त्या चौकटीने मला एक आख्खे प्रकरण दिले. खाली फोडणी देताना वर वाळणाऱ्या कोटाला लसणाचा वास लागणारच, आणि तो कोट घालून हर्षा दुसऱ्या दिवशी दुकानात उभी राहणार.

२४ ऑगस्ट

भरिताचा प्रसंग पुन्हा लिहिला. खान्देशी मुलगी परदेशात भरीत करणार, हे वाचकाला अपेक्षितच आहे, त्यामुळे तो प्रसंग खरा ठरला नाही तर पुस्तक तिथेच पडेल. जुन्या खर्ड्यात वांगे गॅसवर भाजताना धूर होतो, स्वयंपाकघरातला धोक्याचा भोंगा वाजतो आणि अग्निशमन दलाची गाडी येते.

स्कॉटलंडमध्ये १ फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराला एकमेकांशी जोडलेले भोंगे बसवणे कायद्याने आवश्यक आहे. त्यात स्वयंपाकघरात धुराचा नव्हे तर उष्णतेचा भोंगा असतो. धुराचे भोंगे दिवाणखान्यात आणि आतल्या बोळात असतात. म्हणजे स्वयंपाकघराचे दार लावून वांगे भाजले तर बहुधा काही होणार नाही. दार उघडे राहिले की धूर बोळात जाणार, तिथला भोंगा वाजणार आणि जोडलेले असल्यामुळे घरातले सगळे एकदम वाजणार. साध्या घरातला भोंगा वाजला म्हणून अग्निशमन दल आपोआप येत नाही. येतात ते शेजारच्या खोल्यांतले भाडेकरू.

शिवाय तिच्या घरात विजेची सपाट काचेची शेगडी आहे, तिच्यावर ज्योत नाही. मी घरी विजेच्या ओव्हनमधल्या वरच्या तारेखाली वांगे भाजून पाहिले. आपले हिरवे, मोठे भरिताचे वांगे तिथे मिळणार नाही, म्हणून मुद्दाम काळे वांगे घेतले. साल काळी पडते, गर मऊ होतो, पाणी पुष्कळ सुटते, पण काट्यांच्या विस्तवावरचा वास येत नाही. हर्षा ते पाणी निथळून टाकते, कांद्याची पात आणि ठेचलेल्या मिरच्या घालते, चव घेते आणि पुढचा घास घेत नाही. जुन्या खर्ड्यात ती भरीत खाऊन रडत होती. आता ती डबा भरून वरच्या म्हातारीला देऊन येते.

७ सप्टेंबर

पैशांचा हिशेब. एप्रिल २०२३ पासून ब्रिटनमध्ये वयाची २३ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी किमान मजुरी ताशी १०.४२ पौंड होती. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. म्हणजे हर्षाचे आठवड्याचे उत्पन्न फार तर २०८.४० पौंड, रुपयांत एकवीस हजारांच्या आसपास. गावाकडे हा आकडा ऐकून सगळे चकित होतात आणि तिथे तो भाड्यात, प्रवासात संपतो. या दोन्ही प्रतिक्रिया एकाच फोनवर आणल्या.

हे वीस तास सोमवार ते रविवार असे मोजतात. दुकानदार रविवारी संध्याकाळी तिला जास्तीची पाळी करायला सांगतो. तिचे तास भरलेले आहेत. तीच पाळी सोमवारी असती तर चालले असते. नियमातली ही बारीक गोष्ट कळेपर्यंत त्या प्रकरणात संघर्षच नव्हता. दुसरा नियम दारूविक्रीचा: स्कॉटलंडमध्ये दुकानातून सकाळी दहापूर्वी आणि रात्री दहानंतर दारू विकता येत नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी आलेले गिऱ्हाईक चिडून भरभर बोलते, हर्षाला त्यातला एकही शब्द कळत नाही, आणि तरी तो काय म्हणतो ते तिला पूर्ण कळते. गल्ल्यावरच्या नोटाही तपासल्या. स्कॉटलंडमध्ये तीन बँका स्वतःच्या नोटा काढतात आणि त्यांच्या नेहमीच्या नोटांवर राजाराणीचे चित्र नसते. पहिल्या खर्ड्यातली राणीची नोट बदलून बँक ऑफ स्कॉटलंडची, वॉल्टर स्कॉटच्या चित्राची केली.

२८ सप्टेंबर

इतके दिवस सगळा अभ्यास त्यांच्या उच्चारांचा चालला होता. हर्षाचे इंग्रजी त्यांना कसे ऐकू येत असेल, याकडे लक्ष गेलेच नव्हते, आणि त्यामुळे संवाद एकाच बाजूला कलंडलेले होते. इथल्या एका इंग्रजी संभाषणवर्गातल्या मुलामुलींना विचारून, त्यांच्या संमतीने, आर्काइव्हमधला तोच ६९ शब्दांचा परिच्छेद वाचून घेतला. आपण इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ एकाच ‘व’ने म्हणतो. आपले ‘ट’ आणि ‘ड’ मूर्धन्य, जीभ वर वळवून काढलेले. आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ देतो, इंग्रजीत मात्र एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची आखडतात. जिथे ग्लासगोकर ‘ट’ गिळतो तिथे हर्षा तो ठणकावून म्हणते. आता दुकानात दोघेही एकमेकांना ‘काय?’ विचारतात. म्हातारीची ऐकण्याची धडपडही पानावर आली आणि ती केवळ चमत्कारिक बोलणारी बाई राहिली नाही.

हर्षाची बोली पाच महिन्यांत फारशी बदलणार नाही. तिने परत येताच स्कॉटिश ढंगात बोलावे, अशी सूचना वाचनमंडळातून आली, ती मी घेतलेली नाही. गल्ल्यावर रोज लागणारी चार-सहा वाक्ये तिथल्या चालीत बसतील, एवढेच.

२ नोव्हेंबर

ताईंच्या ओळखीतल्या ग्लासगोच्या एका गृहस्थांनी निवडक प्रसंग वाचून देण्याचे मान्य केले होते. त्यांच्यासाठी त्या प्रसंगांचा इंग्रजी गोषवारा तयार केला. मानधन आणि पैसे पाठवण्याचे शुल्क मिळून सुमारे पाच हजार रुपये लागले. सगळ्या प्रकल्पात हाच मोठा खर्च, आणि तो करावाच.

बसचा प्रसंग त्यांना पटला. त्यांची मुख्य हरकत जिन्याविषयी आहे: सामाईक जिना झाडण्या-धुण्याची पाळी भाडेकरूंमध्ये लागलेली असते आणि म्हातारीसारखी बाई नव्या मुलीशी पहिल्यांदा बोलेल ती बहुधा त्या पाळीविषयीच. मी म्हातारीला हवापाण्यावर बोलायला लावले होते. पहिली भेट आता जिन्याच्या पाळीवर सुरू होईल, बसचे वाक्य दुसऱ्या भेटीत जाईल आणि भरिताचा डबा तिसऱ्या प्रकरणातून पाचव्यात न्यावा लागेल. उद्यापासून त्या क्रमाने लिहायला घेत आहे.